संक्रांतीपर्यंतची मुदत

आमच्या घरी कुत्रं आलं ते प्रेमापोटी नाही, बंबापोटी. अंधेरी स्टेशनवरून वेसाव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पाच-सहा कौलारू बैठी घरं होती, त्यांतलं शेवटचं आमचं. मागे अंगण, अंगणात विहीर, आणि न्हाणीच्या दाराशी पाणी तापवायचा तांब्याचा बंब. हा बंब सासूबाईंच्या माहेरून आलेला. दिवाळी होऊन आठवडा झाला नसेल, एका सकाळी मी उठून पाहते तर बंबाच्या जागी राखेचा गोल तेवढा उरलेला. चोरानं निखारे विझवले होते, राख झाडली होती, खालची जाळी काढून भिंतीला नीट टेकवून ठेवली होती आणि मग बंब नेला होता. ती जाळी पुढे कित्येक वर्षं आम्ही पापड भाजायला वापरली.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. घरात माणसं आम्ही तीनच. हे, म्हणजे माझे यजमान, फोर्टात एका कचेरीत होते. सकाळी आठला निघायचे ते दिवेलागणीला परत. उरलो आम्ही दोघी. सासूबाई विधवा, कडक सोवळ्याच्या, बोलणं मोजकं. आणि मी गिरगावच्या चाळीतली, जिथे एका नळावर दिवसभरात चाळीस बायकांशी तोंड वाजवायची सोय होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी दुपारची शांतता मला अजून खायला उठायची. समोरच्या शेतात कुणी खोकलं तरी मी खिडकीत जाऊन बघत असे.

बंब गेल्यावर चौथ्या दिवशी हे घरी आले ते भाजीची पिशवी छातीशी धरून. पिशवी हलत होती. आतून एक काळं नाक बाहेर आलं, मग एक पांढरा कान, मग दुसरा काळा कान. कचेरीतल्या एका पारशी गृहस्थांच्या कुत्रीला झालेलं पिल्लू. आई चांगल्या घराण्यातली होती म्हणे. वडिलांबद्दल कुणी काही बोलायला तयार नव्हतं.

"राखण करील," हे म्हणाले.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच मान वाकडी करून पाहिलं. "हे? हे बंबाची राखण करणार? ह्यालाच कुणी बंबात घालून नेईल."

"मोठा होईल की गं, आई."

तेवढ्यात त्या पिल्लानं पिशवीतून उडी मारली, खोलीभर वास घेत हिंडलं, आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसलं. उंबऱ्याच्या पलीकडे दोन हातांवर देव्हारा. अलीकडे, शहाबादी फरशीवर, बघता बघता ओहोळ. सासूबाईंचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. बंब गेला तेव्हाही तो इतका पडला नव्हता.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या कधीच करत नसत. केला असता तर बरं, असं वाटायचं. त्यांनी शांतपणे अटी घातल्या. पहिली अट, कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही. दुसरी अट, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत त्यानं बाहेर जायला शिकायचं. हळदीकुंकवाला पंचवीस बायका घरात येणार, त्यांच्यासमोर हा तमाशा नको. शिकलं नाही तर गवळी त्याच दिवशी त्याला गोरेगावच्या तबेल्यावर घेऊन जाईल. गवळ्याला उंदरांसाठी एक कुत्रं हवंच होतं.

"आणि तोवर नाव ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "नाव ठेवलं की माया लागते."

म्हणून ते पिल्लूच राहिलं. पण नाव ठेवलं नाही म्हणून माया लागायची थांबते हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मला तर ती पहिल्या दुपारीच लागली. मी तांदूळ निवडत बसले होते, ते आलं, माझ्या मांडीला पाठ लावून बसलं आणि झोपलं. दोन वर्षांत त्या घरात दुपारी मला कुणी टेकून बसलं नव्हतं. तबेला मी एकदा पाहिला होता. म्हशींच्या खुरांत हे एवढंसं पिल्लू मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, आणि मी मनाशी ठरवलं, ह्याला शिकवायचंच.

ठरवणं सोपं असतं. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी कधी कुत्रं पाळलेलं नव्हतं. कुत्रं म्हणजे दाराबाहेर भाकरीचा तुकडा टाकायचा आणि हाड म्हणायचं, एवढंच आमचं ज्ञान. हे रोज कचेरीत त्या पारशी गृहस्थांना विचारून यायचे आणि जेवताना मला धडा द्यायचे. पहिला धडा, फरशीवर वर्तमानपत्र पसरायचं, कुत्रं आपोआप त्याच्यावर जातं. मी रविवारचा अख्खा अंक उंबऱ्याशी पसरला. पिल्लानं तो अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फाडला, चिंध्यांवर लोळलं, आणि मग कागद संपत होता तिथे, अगदी कडेला, कोऱ्या फरशीवर बसून आपलं काम केलं.

दुसरा धडा, खाणं झालं की लगेच बाहेर न्यायचं. मी न्यायची. विहिरीभोवती, शेवग्याखाली, कुंपणाच्या कडेनं. ते फुलपाखरामागे धावायचं, माझा पदर ओढायचं, वाळकी शेंग तोंडात धरून मिरवायचं. अर्धा-अर्धा तास मी "कर रे बाबा, कर" असं विनवत उभी. शेजारच्या घरातले आजोबा कुंपणावरून विचारायचे, "काय गं, काय करायला सांगतेस त्याला?" काय सांगणार, कपाळ! शेवटी हरून मी त्याला आत आणायची, आणि येरे माझ्या मागल्या. ते घाईघाईनं, जणू एवढा वेळ ह्याच्यासाठीच थांबलं होतं अशा थाटात उंबऱ्याशी जायचं आणि बसायचं. तीच फरशी, चुकून शेजारचीसुद्धा नाही.

आणि मग सासूबाईंचं सुरू व्हायचं. हातातलं काम टाकून त्या उठायच्या. आधी पाण्यानं धुणं, मग शेणाच्या पाण्याचं पोतेरं, आणि शेवटी गोमूत्र. देव्हाऱ्याखालच्या फळीवर गोमूत्राची बाटली असे. उजव्या हाताच्या चार बोटांनी त्या ते शिंपडायच्या, ओठांत काही पुटपुटायच्या, आणि मगच ती जागा शुद्ध व्हायची. दिवसातून पाच-सहा वेळा. पूर्वी महिनाभर पुरणारी बाटली आता चार दिवसांत तळाला जाऊ लागली. गवळ्याकडे दुधाच्या म्हशींबरोबर एक गाय होती, तिचंच तो आणून द्यायचा. त्यानं एकदा मला हळूच विचारलं, "वहिनी, घरी काही मोठं कार्य काढलंय का?"

मार्गशीर्षात माझे चार दिवस आले. त्या काळात ते दिवस आमच्या घरी पाळायचे. पुढच्या पडवीत घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. सासूबाई लांबून वाढायच्या, हे लांबून बोलायचे. चाळीत असताना निदान जिन्यावर बसून गप्पा मारणाऱ्या दुसऱ्या दोघी-तिघी सापडायच्या. इथे समोर नुसतं शेत. पहिल्या दिवशी दुपारी पिल्लू पडवीत आलं. मी म्हटलं, "जा रे, मला शिवायचं नाही." त्यानं माझी घोंगडी हुंगली, माझा हात चाटला आणि माझ्या पायांशी वेटोळं करून पडलं. मला रडू आलं. रडायला मोठं कारण लागतं असं नाही.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले, आणि माझ्यामागून पिल्लू आत आलं आणि उंबऱ्याशी बसलं. संक्रांतीला तीन आठवडे राहिले होते. चार दिवस मला सोबत करणारा हाच, आणि स्वतःच्या हातानं स्वतःला तबेल्यात धाडणारा पण हाच. माझा तोल सुटला. मी मुळातच तापट; माझी आई म्हणायची, हिच्या डोक्यावर भाकरी भाजावी. वर्तमानपत्राची गुंडाळी हाताशी होती. मी त्याची मान धरली, नाक त्या ओल्या फरशीला टेकवलं आणि पाठीत दोन फटके हाणले. ते ओरडलं नाही. नुसतं अंग चोरून माझ्याकडे पाहत राहिलं.

तिसरा फटका उचलला तेव्हा हातातली गुंडाळी कुणीतरी काढून घेतली. सासूबाई होत्या.

"मारून कुणी शिकत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुला मारलं कधी?"

लग्न होऊन आले तेव्हा मलाही त्या घरात काही येत नव्हतं. कुठलं भांडं सोवळ्याचं, कुठलं ओवळ्याचं, कुठल्या हाताला काय शिवायचं, सगळ्यात मी चुकायची. एकच चूक आठ-आठ वेळा. त्या दर वेळी उठायच्या, भांडं परत घासायच्या आणि जागेवर ठेवायच्या. तोंडानं शब्द नाही. त्या न बोलण्याला मी तोवर खडूसपणा समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कदाचित तो त्यांचा संयम असेल. पण असं वाटलं म्हणून मी लगेच सुधारले असं नाही. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मग पाठवा तबेल्यात. तुम्हाला तेच हवंय."

"मला काय हवंय ते देवाला ठाऊक," त्या म्हणाल्या आणि बाटली आणायला गेल्या.

संक्रांतीला आठ दिवस उरले तेव्हा कोडं सुटलं, आणि ते सोडवलं वेसाव्याच्या कोळणीनं. ती एक दिवसाआड डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दारी यायची. सासूबाईंनी मासे सोडले होते, पण भाव करायला मात्र त्याच बसायच्या, चार हात लांब, पाटावर. मला भाव करता येत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती खरी होती. त्या दिवशी बोंबलांचा वाटा ठरतोय तोच आतून मी हाक मारली, "आई, परत केलं हो." सासूबाई उठल्या. मागचं दार उघडं, तिथून उंबरा सरळ दिसायचा. मी ताटली घेऊन दाराशी आले. कोळीण पाटीशी बसून बघत होती. पाणी झालं, पोतेरं झालं, बाटली आली. सासूबाईंनी गोमूत्र शिंपडलं आणि हात धुतले.

कोळणीनं तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले.

"काय गं, हसायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"आगो आय, रागावू नको, एक सांगतंय. तू तोंडानं त्याला नको नको सांगतंस, आन् हातानं त्याला जागा दावतंस. मुताव मूत शिंपतंस तू. त्या मुक्या जिवाला काय समजल? त्याला वाटतं, या घरची मोरी हीच हाय."

"ते गोमूत्र आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम ताठ.

"तुला गो. आमालापन. पन त्याला कुठं ठावं? त्याला वास तो वास, गाईचा आसो का वाघाचा. आमचे वेसाव्याला दारोदार कुतरी हायेत. जिथं वास, तिथं टांग वर. राख टाक, चिंचेच्या पान्यानं घास. वास गेला का कुतरा गेला."

एवढं बोलून तिनं बोंबील माझ्या ताटलीत घातले, दोन वर जास्तीचे टाकले आणि पाटी उचलून ती चालती झाली. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, हातात बाटली तशीच. मला हसू फुटत होतं, आणि हसले असते तर त्या घरात माझी धडगत नव्हती. मी आत जाऊन बोंबलांना मीठ लावत बसले. मीठ लावता लावता हसू कधी गेलं कळलं नाही. दीड-दोन महिने ह्या बाईनं दिवसातून सहा वेळा कंबरेत वाकून जे मनोभावे केलं, त्यानंच पिल्लाला तिथे बोलावलं होतं. मी त्याला मारलं होतं. ते बिचारं तर आम्ही सांगत होतो तेच ऐकत होतं.

संध्याकाळी ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आई काही ऐकायची नाही. तिच्या आजीपासूनचं आहे ते." मलाही तसंच वाटलं. ती जागा शुद्ध केल्याशिवाय देवाला नैवेद्य दाखवणं म्हणजे त्यांच्या लेखी देवाला उष्टं वाढण्यासारखं. एका कुत्र्यासाठी त्यांनी ते का सोडावं? मी त्यांच्या जागी असते तर सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्याशी नेहमीचा ओहोळ. मी चुलीपाशी बसले. सासूबाई आल्या. पाण्यानं धुतलं. चुलीतली राख आणून फरशीवर पसरली, नारळाच्या काथ्यानं घासली. मग एका वाटीत चिंच कोळलेली होती, ती ओतून पुन्हा घासलं. देवाची तांब्याची भांडी घासायची चिंच ती. पुन्हा पाणी, मग कोरडं फडकं. मग त्या उठल्या, फळीवरची बाटली घेतली, क्षणभर उंबऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या. मी खिडकीतून पाहिलं. अंगण ओलांडून त्या पार टोकाला, कुंपणाशी शेवग्याखाली गेल्या, आणि तिथे चार बोटांनी गोमूत्र शिंपडलं. ओठ हलत होते. तेच पुटपुटणं, तितक्याच मनापासून. परत आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ने त्याला तिकडे."

मी नेलं. आता पिल्लू लगेच शहाणं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सवय ती सवय. पहिले दोन दिवस ते शेवग्याखाली नुसतं हुंगून यायचं आणि उंबऱ्याशीच बसायचं. सासूबाई राख-चिंच करायच्या आणि पुन्हा बाटली घेऊन शेवग्याखाली जायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, थंडीत, अनवाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झाडाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि बसलं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचे आजोबा काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. दुपारी मात्र पुन्हा उंबरा. असं हो-नाही, हो-नाही चाललं होतं. गवळी रोज दूध घालताना पिल्लाकडे बघून चुचकारायचा, "चल बेटा, थोडेच दिवस राहिले." मला त्याचं दूध नासावं असं वाटायचं.

आणखी एक झालं. रोज सकाळी सासूबाईंना शेवग्याखाली शिंपडताना आणि पुटपुटताना पाहून शेजारच्या आजोबांचा काय समज झाला कोण जाणे, एके दिवशी शेवग्याच्या बुंध्याशी एक जास्वंदीचं फूल वाहिलेलं दिसलं. सासूबाईंनी ते पाहिलं. मग मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. आवाज न करता, पोट धरून.

संक्रांतीचा दिवस आला. दुपारी चारपासून बायका यायला लागल्या. सतरंजी, अत्तरदाणी, तिळगुळाचं ताट, वाणाला कुंकवाच्या डब्या. विधवेनं हळदीकुंकवात पुढे यायचं नाही हा तेव्हाचा रिवाज, म्हणून सासूबाई आत स्वयंपाकघरात, दार लोटून. तो रिवाज त्या स्वतःच काटेकोर पाळत. सगळी तयारी त्यांची, लाडू त्यांच्या हातचे, आणि कार्य सुरू झालं की त्या नाहीशा. कुत्रंही बायकांत नको, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून मी पिल्लाला उंबऱ्याअलीकडच्या कडीला सुतळीनं बांधलं होतं, लोटलेल्या दाराच्या फटीतून त्यांना दिसेल असं. मधे पडदा टाकला. पडद्याच्या एका बाजूला पंचवीस सवाष्णी आणि दुसऱ्या बाजूला ती दोघं.

मी कुंकू लावत होते तेव्हा पडद्याआडून कुंई-कुंई ऐकू आलं. ते रडणं मला ठाऊक झालं होतं. त्याला बाहेर जायचं होतं. पहिल्यांदाच ते मागत होतं! आणि माझ्या एका हातात कुंकवाचा करंडा, समोर ओट्या, पाठीमागे रांग. उठता येईना. रडणं वाढलं. सुतळीची गाठ मी स्वतः मारली होती, चांगली निरगाठ. मला दिसायला लागलं, आता होणार, त्याच फरशीवर होणार, ओहोळ पडद्याखालून सतरंजीवर येणार, आणि दिवेलागणीला गवळी. एका बाईच्या कपाळावर मी कुंकू लावलं ते नाकापर्यंत ओघळलं. मग मागच्या दाराची कडी वाजली. रडणं थांबलं. मला वाटलं, संपलं.

शेवटची बाई जाईपर्यंत पाऊण तास गेला. मी पडदा सारून आत धावले. फरशी कोरडी होती. कडीला सुतळीचं टोक लोंबत होतं, विळीवर कापलेलं. मागचं दार सताड उघडं. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या आणि शेवग्याखाली पिल्लू माती उकरत होतं.

"गाठ सुटेना," त्या म्हणाल्या. "उचलून न्यावं लागलं."

त्यांच्या सोवळ्याच्या लुगड्यावर चार पावलांचे मातीचे ठसे होते. दोन वर्षांत मी चुकून त्यांच्या लुगड्याला लागले तरी त्यांना आंघोळ करावी लागायची. त्या उठल्या, विहिरीवर गेल्या आणि दोन घागरी थंड पाणी डोक्यावरून ओतून घेतलं. पाणी तापवून देते म्हटलं तर म्हणाल्या, बंब कुठाय? पौषातली संध्याकाळ, दात वाजत होते त्यांचे. तेवढ्यात गवळी दूध घेऊन आला आणि पिल्लाकडे बघून त्यानं खांद्यावरचा दोर काढला.

"दूध दे आणि जा," सासूबाई ओल्या केसांनी दारात उभ्या राहून म्हणाल्या. "दुसरं काही न्यायचं नाही."

त्यानंतर नाव ठेवायला कुणाची हरकत नव्हती, पण तोवर त्याला पिल्लूच म्हणायची सवय लागली होती. गुडघ्याएवढं झालं, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या छातीत धडकी भरेल असं भुंकायला लागलं, तरी पिल्लूच. उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. सासूबाई आत जेवायला बसल्या की ते अलीकडे दोन पाय पसरून, हनुवटी बरोबर उंबऱ्याच्या कडेला टेकवून पडायचं. शेवटचा घास त्या त्याच्यासाठी ठेवायच्या, आणि आपण ठेवत नाही असं म्हणायच्या.

सत्तावन्न साली नवे पैसे सुरू झाले, त्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा राहिली, पण शब्द जड झाले. आम्ही त्यांची खाट देवाच्या जवळ हवी म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घातली. पिल्लू खाटेखाली. मी त्यांना भरवायची, अंग पुसायची, वेणी घालायची. जन्मभर कुणाला न शिवलेली ती बाई आता दिवसभर माझ्या हातांत होती. सुरुवातीला अंग आक्रसून घ्यायच्या, मग घेईनाशा झाल्या.

एका दुपारी मी विहिरीवरून आले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. खाटेच्या नवारीतून थेंब थेंब गळून खाली फरशीवर ओहोळ झाला होता. तीच फरशी. पिल्लू खाटेखालून बाहेर येऊन लांब बसलं होतं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्या दिवसापर्यंत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ज्या तोंडाला गिरगावच्या चाळीत चाळीस बायका पुरायच्या नाहीत, त्या तोंडात शब्द नाही. मी त्यांचं लुगडं बदललं, चादर काढली, फरशी धुतली. ही जागा अशीच राहिली तर त्यांच्या जिवाला चैन पडणार नाही, संध्याकाळी देवाचं नाव घ्यायलाही त्यांचं मन घेणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी देव्हाऱ्याखालच्या फळीवरची बाटली काढली आणि चार बोटं ओली केली.

खाटेवरून उजवा हात वर झाला.

"नको," त्या म्हणाल्या. शब्द जड होते, पण ओठांचा चालता कोपरा हलला होता. "शिंपडू नकोस तिथे. मला सवय लागेल."